जागा सांगायची नाही

बुधवार उजाडला की नाहीबाईचं डोकं सकाळपासूनच ठणकायला लागायचं. म्युझियममध्ये बुधवार हा लोकांचे दगड ओळखून देण्याचा वार. तळमजल्यावर जिन्याखाली, पूर्वी जिथे सायकली ठेवत त्या खोलीत एक टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, एक भिंग, वाळूने भरलेला पसरट ट्रे, आणि टेबलामागे ही. बाहेरच्या बाकावर माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली. पिशव्यांत दगड. कुणाला नाल्यात सापडलेला, कुणाला पाया खणताना. प्रत्येकाच्या तोंडावर भाव एकच, की आता हा दगड टेबलावर ठेवला की म्युझियमवाले नाचायला लागणार.

नाचतात कसले! बाई दगड हातात घ्यायची, दिव्याखाली एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवायची आणि म्हणायची, "नाही." पुढचा दगड. "हाही नाही." त्याच्या पुढचा. "हा तर मुळीच नाही." म्हणून ती नाहीबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. घरी नवऱ्याने विचारलं, "भाजी जमलीय का?" तरी तिच्या तोंडून आधी "नाही" निघायचं आणि मग ती घास चावायची.

पण तिचंही काय चुकलं? एक जण हत्ती घेऊन आला होता. "बघा ना नीट. ही सोंड, हा कान."

"अहो, ढगातसुद्धा हत्ती दिसतो. ढग आणून ठेवू का कपाटात?"

दुसरा रुळांमधली खडी उचलून आणायचा आणि दर वेळी हुज्जत घालायचा. तिसऱ्या गृहस्थांनी तर कहर केला. त्यांना खरोखरचं पातं सापडलं होतं. आदिमानवाने दगडातून काढलेलं, पातळ, लांबट, बघत राहावं असं. पण कडा जरा बोथट वाटल्या म्हणून यांनी कानस घेतली आणि घरी बसून त्याला नव्याने धार लावली! बाईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हजारो वर्षं टिकली हो ती धार, आणि तुमच्या घरात एक दुपार टिकली नाही!" गृहस्थ रागावून निघून गेले. जाताना पातंही घेऊन गेले.

तरी हत्ती परवडले, खडी परवडली. बाईचा जीव खरा खायचा तो पुढचा प्रश्न.

"कुठे सापडला?"

"असंच, तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"त्या बाजूला." आणि हात असा फिरायचा की त्यात अर्धं आकाश यावं.

दगड गोळा करणाऱ्यांचा हा अलिखित कायदाच आहे. जागा सांगायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि म्युझियमवाल्या बाईला तर मुळीच नाही. जागेवर जाताना सरळ वाटेने जायचं नाही. कुणी मागून येतंय असं वाटलं तर खाली बसून बुटाची नाडी बांधायची. आणि कुणी अगदीच खनपटीला बसलं तर खोटी जागा सांगायची, तीही अशा हळू आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, याने आपल्याला काळीज काढून दिलं.

बाई घसा फुटेस्तोवर सांगायची. "बाबांनो, हा कुठून आला आणि याच्या शेजारी काय पडलं होतं हे कळलं, तर तो माणूस तिथे राहत होता की नुसता वाटेने चालला होता, एवढं तरी सांगता येईल. नाहीतर तुमच्या हातात आहे तो एक चांगला दगड. दाराला टेकू म्हणून लावा नाहीतर मखमलीवर ठेवा, सारखंच." पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तिने वैतागून साहेबांना नियमच करायला लावला आणि मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून स्वतःच्या डोक्यामागे टांगली: 'जागा दाखवल्याशिवाय दगड घेतला जाणार नाही.' दाखवल्याशिवाय, सांगितल्याशिवाय नव्हे. सांगताना हे लोक थापा मारतात याचा तिला पक्का अनुभव होता.

तो अनुभव दिला कुणी? तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने.

दादा वीज खात्यात लाइनमन होता. सगळी नोकरी त्याने तारांखालून चालत काढली. बाकीचे लाइनमन वर बघत चालायचे, हा खाली बघत चालायचा. तरी त्याला कधी शॉक बसला नाही हे खात्याचं नशीब. दगडांनी त्याचे खिसे फाटायचे, म्हणून खात्यात त्याचं नाव खिसेफाडू. बहीण शाळेत असताना पहिला दगड यानेच तिच्या तळहातावर ठेवला होता. "ठमे, बघ, हा आपोआप नाही फुटलेला. कुणीतरी मुद्दाम फोडलाय." त्या एका दगडाच्या नादाने ती शिकली, मोठ्या शहरात जाऊन पदवी घेऊन आली, म्युझियममध्ये लागली. मग हा शोधायचा, ती ओळखायची, आणि दोघं मिळून भांडायचे.

दादाकडचं खरं घबाड म्हणजे मधाच्या रंगाचे दगड. अंगाला मेणासारखी चकाकी, आणि फुटला की काचेसारखा धारदार फुटणार. हत्यारं करायला याहून चांगला दगड मिळायचा नाही. आसपासच्या डोंगरांत हा कुठेच सापडत नाही. म्हणजे कुणीतरी लांबून वाहून आणला. दादाकडे त्याची पाती होती, आणि मुख्य म्हणजे गाभे होते. गाभा म्हणजे ज्याच्यावर घाव घालून पाती काढतात तो मूळ दगड. कोबीची पानं काढत गेलं की शेवटी आतला दांडा उरतो, तसा. दिसायला ओबडधोबड, म्हणून गोळा करणारे नुसती पाती उचलतात आणि गाभा पायाने उडवून देतात. दादाही तेच करायचा. बहिणीने कानीकपाळी ओरडून त्याला ती सवय सोडायला लावली होती. धुण्याची सवय मात्र सुटली नाही. प्रत्येक दगड साबणाने घासून, पुसून, वर तेलाचा हात फिरवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही, आणि ते बघून हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी दादाच्या घरी चहाचे कप बाजूला सारून ती सहज एक पातं एका गाभ्यावर लावून बघत होती. ते लागलं. असं लागलं की मध्ये नख जाईना. मग तिने दुसरं लावलं, तेही बसलं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. ज्या कुणी हा दगड फोडला तो एका जागी बसून फोडला होता, हवी ती पाती घेतली होती आणि बाकीचं तिथेच टाकून उठून गेला होता. म्हणजे दादाची ती जागा वाटेत सांडलेल्या चार दगडांची नव्हती. तिथे कारखाना होता.

"दादा, जागा सांग," बाई म्हणाली.

"सांगतो की. चहा गार होतोय तुझा."

तेव्हापासून ती दर रविवारी जायची आणि दादा ताकाला तूर लागू द्यायचा नाही. कधी नुसता हसायचा. कधी आवाज खाली आणून म्हणायचा, "तुला म्हणून सांगतो हं, ठमे. गिरणीच्या पलीकडचा तिसरा टॉवर. त्याच्या पायाशी." ही वेडी उन्हातान्हात तिथे जायची आणि पायात काटे भरून परत यायची. एकदा कुत्रं मागे लागलं. एकदा रखवालदाराने चोर समजून बसवून ठेवलं. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात, आणि ही दर वेळी उपाशीच परत यायची. मग पुढच्या रविवारी अशी ओरडायची की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. दादा पोट धरून हसायचा.

"तुम्हा बहीणभावांचं काय ते एकदाचं मिटवा," वहिनी म्हणायची. "माझ्या घरात झाडू मारायला जागा उरलेली नाही. उशीखाली दगड, कपाटात दगड. परवा कणकेच्या डब्यात निघाला. आता डोकं आपटायला वेगळा दगड शोधायला नको, एवढाच काय तो फायदा."

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एक दिवस वहिनीचा फोन आला. दादाने घराचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढला होता, आणि तो हातात धरून दारात उभा राहून वहिनीलाच विचारत होता, "बाई, हे कुणाचं घर? लाइनचं काम निघालंय, जरा वेळ लाइट जाईल." संध्याकाळी तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. मग पुन्हा नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. आठवणी आहेत तोवर आहेत, औषधाने फार फरक पडायचा नाही.

वहिनीने रडून घेतलं, डोळे पुसले आणि कामाला लागली. दादाला आता जिना चढू द्यायचा नाही. खालची खोली त्याची करायची, तिलाच लागून न्हाणीघर बांधायचं. पण ती खोली दगडांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली! गवंडी येऊन बघून गेला आणि म्हणाला, जमीन खाली आहे, भराव घालून उचलावी लागेल. वहिनीने खोक्यांकडे बोट दाखवलं.

"वहिनी! अहो, हे काय भरावात घालायचे दगड आहेत?" बाई किंचाळलीच.

"मग तुम्ही न्या ना, वन्सं! इतकी वर्षं म्युझियम म्युझियम करताय, न्या की उचलून. मी कधी नको म्हटलं? मला आता माणूस सांभाळायचाय. दगड सांभाळायला मला हात उरलेले नाहीत."

वहिनीचं एक अक्षर चुकत नव्हतं, आणि बाईला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब तिच्या आधीपासून म्युझियममध्ये, माणूस सज्जन, पण नियमाला चिकटला की गोचीड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाभा आणि त्यावर बसलेली पाती बघून "वा, वा" केलं आणि चष्मा काढला.

"जागा कोणती?"

"तीच तर सांगत नाही ना तो!"

"मग कसं घ्यायचं, बाई? पाटी तुम्हीच लावलीत. उद्या बाकावरची माणसं म्हणतील, नाहीबाईच्या भावाला वेगळा नियम का म्हणून."

"मला नाहीबाई म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही जागा दाखवा. मी स्वतः गाडी घेऊन येतो. दादांच्या नावाचं कपाट करू."

आपलेच दात, आपलेच ओठ. बाई खाली येऊन पाटीकडे बघत बसली. पाटी काय बोलणार! जागा कळली तर दादाची जन्माची मेहनत त्याच्या नावाने काचेच्या कपाटात जाणार. नाही कळली तर न्हाणीघराखाली जाणार, आणि वर साबणाचं पाणी सांडत राहणार. शिवाय ती जागा ज्याच्या डोक्यात होती ते डोकंच रोज थोडं थोडं रिकामं होत होतं.

त्या रविवारी ती आत आली ती कंबर कसूनच. दादा त्या दिवशी अगदी शुद्धीत होता. "दादा, थट्टा खूप झाली. आता मला जागा हवी. खरी."

दादाने तिच्याकडे नीट बघितलं. हसला नाही. "वीटभट्टीच्या मागे," म्हणाला. "चल, दाखवतो."

बाईला इतका आनंद झाला की रिक्षावाल्याने सांगितले तेवढे पैसे तिने घासाघीस न करता दिले. वीटभट्टीशी उतरल्यावर दादा झपाझप पुढे निघाला, भट्टीला वळसा घालून मागे गेला आणि थांबला. सगळीकडे फुटक्या विटांचा ढीग आणि राख. त्याने वाकून एक तुकडा उचलला, टाकला. दुसरा उचलला. मग तो पायाने राख उकरायला लागला.

"इथेच होतं," तो म्हणाला. "इथेच बसायचो मी. कुणी नेलं?" मग एकदम तिच्याकडे वळला. "तूच नेलंस. माझ्या मागे येऊन सगळं उचलून नेलंस तू!"

बाई उलटून ओरडणार होती, पण त्याचं तोंड बघून थांबली. थापा मारतानाचा दादा तिला पाठ होता. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हसू दडलेलं असायचं. आज तिथे काही नव्हतं. तो खोटं बोलतच नव्हता.

बुधवारी तर नवाच तमाशा. दादाच्या आजाराची बातमी गोळा करणाऱ्यांमध्ये पसरली होती. आधी आला औषधांच्या दुकानाचा मालक. खोलीचं दार ओढून घेऊन, खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बाई, दादांनी मला जागा सांगितली होती. फक्त मला. शपथ घातली होती, पण आता वेळच अशी आली आहे."

"कुठे?" बाईने विचारलं.

"वीटभट्टीच्या मागे."

बाईने डोळे मिटून घेतले. तो बाहेर जाऊन बाकावर टेकतो न टेकतो तोच निवृत्त पोस्टमास्तर आत आले. त्यांनीही दार ओढलं. त्यांनाही फक्त त्यांनाच सांगितलं होतं. ओढ्याच्या वळणावर, पडक्या मोरीपाशी. त्यांच्या मागोमाग मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर, आणि त्यांची जागा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीखाली. बाईचं डोकं फिरलं. तिने दार सताड उघडलं, तिघांनाही आत बोलावून एका रांगेत उभं केलं आणि म्हणाली, "आता एकमेकांना सांगा!"

तिघंही आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी औषधवाला पुटपुटला. मग मास्तर. मग पोस्टमास्तर.

"म्हणजे मी इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नाही," औषधवाला म्हणाला, "ते..."

"थाप," बाई म्हणाली.

"अहो, मला तिथे कधी काही सापडायचंच नाही! मला वाटायचं, माझीच नजर कमी पडते. नवा चष्मा केला मी!"

"मी मोरीपाशी कुणी जाऊ नये म्हणून तिथे साप असल्याची आवई उठवली होती," पोस्टमास्तर म्हणाले आणि हसायला लागले. "कमाल माणूस! काय माणूस आहे हो!" मग तिघंही हसायला लागले. अगदी अभिमानाने, जणू दादाने त्यांना मोठं बक्षीस दिलं होतं. बाई दातओठ खात बसून राहिली. यांना हसू येतंय! तिला मात्र वीटभट्टीचा अर्थ आता कळला होता. दादाने ती जागा औषधवाल्याला इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगितली होती, की आता त्याच्या स्वतःच्या डोक्यातही तीच खरी होऊन बसली होती. खरी जागा या सगळ्या थापांच्या ढिगाखाली कुठेतरी होती, आणि ढीग उपसणारा माणूस मात्र स्वतःच्याच घराच्या दारात फ्यूज हातात धरून उभा होता.

तरी ती त्याला घेऊन मोरीपाशी गेली. टाकीखालीही गेली. तिसऱ्या टॉवरला तर पुन्हा जाऊन पुन्हा काटे भरून घेतले. प्रत्येक ठिकाणी दादा खात्रीने चालायचा, मग थांबायचा, मग कुणीतरी नेलं म्हणून चिडायचा. नंतर नंतर तो निघायलाच तयार होईना. गवंड्याचा दिवस येऊन ठेपला. बाईने हात टेकले. नवऱ्याने घरातली गॅलरी रिकामी करून दिली होती. तिथे मावतील तेवढी खोकी न्यायची आणि बाकीच्यांवर पाणी सोडायचं, असं ठरवून ती सकाळीच दादाच्या घरी गेली आणि खोक्यांमध्ये फतकल मारून बसली. कुठला दगड ठेवायचा आणि कुठला न्हाणीघरात घालायचा? सगळेच मधाच्या रंगाचे. प्रत्येक दगड हातात घेताना ती मनातल्या मनात भावाला शिव्या घालत होती.

दारावर टकटक झाली. दादा उभा होता. आंघोळ झालेली, भांग नीट पाडलेला, शर्टाचं बटण एक घर चुकून लावलेलं. स्वतःच्याच खोलीच्या दारावर टकटक करत होता.

"येऊ का, बाई?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. "ये की. तुझीच खोली आहे."

तो आत आला आणि स्टुलावर अंग चोरून बसला. म्युझियमच्या बाकावर माणसं बसतात, तसा. "तुम्ही म्युझियमच्या ना? दगड ओळखून देता म्हणे."

बाईने वर बघितलं. दादा तिच्याकडे बघत होता, आदराने, जरासा घाबरून. ठमी त्याच्या डोळ्यांत कुठेच नव्हती.

"हो," ती कसंबसं म्हणाली.

"मग हा बघता जरा?" त्याने खोक्यातून पाती जुळलेला तो गाभा काढून दोन्ही हातांनी पुढे केला. "लोक म्हणतात, नुसता दगड आहे. घरात तर फार बोलणी खातो मी. तुम्ही खरं सांगा. आहे का याच्यात काही?"

त्या गाभ्यावरचा घाव न् घाव तिला पाठ होता. तरी तिने तो खिडकीच्या उजेडात धरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवला.

"आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. हा गाभा आहे. हे बघा, वरून इथे घाव घातला, हे एक पातं निघालं. त्याच्या शेजारी हे दुसरं. एकही घाव वाया नाही गेलेला. फार चांगल्या हाताचं काम आहे."

दादाचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. ती खाली बघत राहिली आणि नुसत्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठे सापडला?"

दादाने दाराकडे एक नजर टाकली. आता आवाज खाली येणार, 'तुम्हाला म्हणून सांगतो' येणार, हे तिला माहीत होतं. पण आवाज खाली आला नाही. तो साध्या आवाजात म्हणाला, "सबस्टेशनमध्ये."

"कुठे?"

"कुंपणाच्या आत हो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मागे एक उंचवटा आहे, बांधकामाच्या वेळी तोडायचा राहिला तो. डबा खायला तिथे बसायचो मी. वाऱ्यापाण्याने माती गेली की आपोआप वर यायचे हे. सगळे मला तारांखाली आणि डोंगरात शोधत फिरतात. आणि सबस्टेशनच्या फाटकावर कवटी काढलेली पाटी आहे, धोका म्हणून. कोण येतंय मरायला आत!"

बाईने हातातला गाभा बाजूला ठेवला आणि खोक्याच्या तळाशी हात घातला. घासूनपुसून ठेवलेल्या दगडांबरोबर त्याच्या खिशातून आलेली बारीक कपची तिथे साचली होती. निळसर, कोनाकोनांची. सबस्टेशनच्या आवारात पसरतात ती खडी. इतकी वर्षं ती दर रविवारी ही कपची झटकून टाकत आली होती. आणि त्या सबस्टेशनसमोरून तर तिची बस जायची. रोज! रोज ती त्या कवटीकडे बघत कामावर गेली होती आणि त्या कवटीकडे बघत घरी आली होती.

"लिहून घ्या हवं तर," दादा म्हणाला. "म्युझियमला कळायला काही हरकत नाही. आता मला तिथे कोण सोडतंय! फक्त एक करा, बाई. माझी एक धाकटी बहीण आहे. तिला तेवढं कळू देऊ नका."

"का?"

"ती दर रविवारी येते हो, जागा विचारायला. एकदा जागा कळली की कशाला येईल? तिला तिचं घर आहे, नोकरी आहे."

अरे गाढवा, मी काय दगडांसाठी येत होते का, असं तिला ओरडून विचारायचं होतं. पण दारातून आत येताना तिने 'कसा आहेस' असं कधी विचारलंच नव्हतं. 'जागा सांग' हेच तिचं पहिलं वाक्य असायचं, रविवार न् रविवार. मग त्याला तरी दुसरं काय वाटणार होतं! भावाचा राग, स्वतःचा राग, त्या पाटीचा राग, सगळं एकदम डोळ्यांतून वाहायला लागलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"येईल ती," ती म्हणाली. "जागा कळली तरी येईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी ओळखते तिला."

"असं?" दादा खूश झाला. मग पुढे झुकून म्हणाला, "तर मग जरा जपून राहा. मनाने चांगली आहे, पण ओरडते फार."

बाहेर फाटक वाजलं. घमेली जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला, आणि अंगणातून वहिनीची हाक आली, "वन्सं, गवंडी आलाय हो! खोकी काढायला घेऊ का?"

बाई गाभा पोटाशी धरून उठली, खिडकीचे गज पकडले आणि होता नव्हता तेवढा सगळा जीव एकवटून ओरडली, "खबरदार कुणी खोक्याला हात लावाल तर! परत पाठवा त्याला! वहिनी, ऐकू येतंय का? आत्ताच्या आत्ता परत पाठवा!"

गवंड्याच्या हातातली थापी खाली पडली. स्टुलावर दादा केवढ्याने दचकला. मग त्याने तिच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली.

"हां," तो म्हणाला. "अगदी अश्शीच ओरडते ती."